एकभुक्त नेम आणि रात्रीची गोळी: जठरात रेंगाळणाऱ्या मेटफॉर्मिनचे एक प्रकरण

घट बसून तिसरा दिवस होता. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील सत्तावन्न वर्षांच्या एक बाई संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाच्या औषधाच्या दुकानात आल्या. मी बी. फार्म.च्या विद्यार्थ्यांना डोसेज फॉर्म, म्हणजे औषधरूपे, हा विषय शिकवते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी या दुकानात बसून औषधे कशी घ्यायची ते लोकांना समजावून सांगते. बाईंच्या हातात दोन कागद होते. एक त्याच आठवड्यातला रक्त तपासणीचा अहवाल होता, ज्यात एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारे प्रमाण, ८.३ टक्के आले होते, आणि दुसरी नवी चिठ्ठी होती, जिच्यात मधुमेहासाठी आधीपासून चालू असलेल्या मेटफॉर्मिनच्या जोडीला साखर उतरवणारे आणखी एक औषध, ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, रात्री घेण्यास सांगितले होते. आषाढी एकादशीच्या आधी याच बाईंचे एचबीए१सी ७.१ टक्के होते. मधल्या साडेतीन महिन्यांत त्यांचे वजन दोन किलोंनी घटले होते, खाणे निम्म्यावर आले होते आणि गोळीचा एक दिवसही खाडा झाला नव्हता. तरीही साखर वाढली होती, आणि त्याचा अर्थ सर्वांनी एकच लावला होता, तो म्हणजे बाई पथ्य पाळत नाहीत.

हे प्रकरण मी बाईंच्या संमतीने, त्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने, सविस्तर लिहीत आहे. जठरात अधिक काळ राहावी म्हणून मुद्दाम घडवलेली गोळी रोजच्या आयुष्यात नेमकी कुठे फसते, हे यात स्पष्ट दिसते. वर्गात आपण पॉलिमर, घनता आणि फुगण्याचा वेग शिकवतो. त्या गोळीच्या रचनेचा अर्धा भाग रुग्णाच्या ताटात असतो, हे मात्र पुरेशा ठामपणे सांगत नाही.

बाईंना सहा वर्षांपूर्वी टाइप २ मधुमेहाचे निदान झाले. सुरुवातीला मेटफॉर्मिनची साधी ५०० मिलिग्रॅमची गोळी दोन वेळा दिली होती, पण तिने जुलाब होत, म्हणून दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी औषध हळूहळू सोडणारी १००० मिलिग्रॅमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर एकदा घेण्यास सांगितले. ती त्यांना उत्तम मानवली. मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक होत्या, रक्तदाबाची एक गोळी वगळता दुसरे औषध नव्हते आणि साखर समाधानकारक राहिली होती. म्हणजे गोळी नीट काम करत होती. आषाढापासून काहीतरी बदलले होते, आणि प्रश्न फक्त ते काय हे शोधण्याचा होता.

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो गोळीबद्दल नव्हता. रात्री जेवायला काय असते, एवढेच मी विचारले. त्यावर त्या म्हणाल्या, “रात्री कुठलं जेवण? चातुर्मासात मी एकभुक्त असते. कपभर दूध घेते आणि झोपताना गोळी.” पतीच्या मोठ्या आजारपणातून सुटका झाल्यावर त्यांनी हा नेम धरला होता. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत दुपारी एकच्या सुमारास एकदाच पूर्ण जेवण, रात्री नऊला म्हशीचे एक कप दूध, आणि साडेदहाला पाण्याबरोबर गोळी असा त्यांचा क्रम होता. चिठ्ठीवर ‘रात्री’ लिहिले होते आणि आमच्या दुकानातून जे पाकीट दिले जाई त्यावरही ‘रात्री १’ एवढेच लिहिलेले असे, त्यामुळे त्यांनी वेळ काटेकोर पाळली होती. जेवण मात्र त्या वेळेपासून साडेनऊ तास दूर गेले होते, आणि ही गोळी घड्याळ पाहत नाही, ती जेवण पाहते.

याचे कारण मेटफॉर्मिनच्या स्वभावात आहे. हे औषध आतड्याच्या सगळ्या लांबीत सारखे शोषले जात नाही. त्याचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात, म्हणजे आद्यांत्र आणि त्याला लागून असलेल्या भागात, विशिष्ट वाहक प्रथिनांच्या मदतीने होते आणि मोठ्या आतड्यात ते फारच थोडे होते. साध्या ५०० मिलिग्रॅम गोळीतले सुद्धा साधारण ५० ते ६० टक्केच औषध रक्तात पोचते. वाहकांची क्षमता मर्यादित असल्यामुळे एकदम जास्त औषध समोर आले तर त्यातला बराच भाग न शोषला जाताच पुढे निघून जातो. अशा औषधाची दिवसातून एकदा घ्यायची गोळी करायची असेल, तर ती नुसती सावकाश पाझरून भागत नाही, कारण सावकाश पाझरणारी गोळी आतड्यांतून पुढे सरकत राहिली तर शोषणाची जागा मागे पडते आणि उरलेले औषध नको तिथे सुटते. म्हणून गोळीने त्या जागेच्या अलीकडे, जठरातच, मुक्काम ठोकून थेंबाथेंबाने औषध खाली पाठवले पाहिजे. हा मुक्काम साधण्यासाठी हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोजसारखे पाणी शोषून फुगणारे पॉलिमर वापरतात. गोळी जठरातील द्रवात भिजली की तिच्याभोवती चिकट, लवचीक जेल तयार होते, तिचा आकार वाढतो, आणि औषध त्या जेलमधून हळूहळू बाहेर झिरपते.

पण गोळी फुगली म्हणजे ती जठरात अडकलीच, हा समज चुकीचा आहे. जठराचे दोन अगदी वेगळे दिनक्रम असतात, एक भरल्या पोटीचा आणि एक रिकाम्या पोटीचा. जेवण झाल्यावर जठर घुसळू लागते, जठराच्या खालच्या टोकाशी, आतड्याकडे उघडणारे पायलोरस नावाचे द्वार आवळलेले राहते, आणि साधारण एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे पुन्हा पुन्हा मागे ढकलून दळले जातात. जी गोळी दळली जात नाही ती जेवण संपेपर्यंत तिथेच राहते. पोट रिकामे झाले की हा नियम उलटतो. मग दर दीड ते दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनांची एक लाट जाते. तिचा बराचसा काळ शांततेत जातो, मग आकुंचने तुरळकपणे सुरू होतात आणि शेवटी काही मिनिटे अतिशय जोरकस होतात. या शेवटच्या टप्प्यात पायलोरस सैल असतो आणि न पचलेले, मोठे, कठीण असे जे काही उरले असेल ते सारे पुढे लोटले जाते. घरात जेवणाच्या पंगती उठल्यावर जशी झाडलोट होते, तशीच ही जठराची झाडलोट असते. उपाशी कुत्र्यांच्या लहान आतड्यात या फिरत्या लाटेचे वर्णन १९६९ मध्ये जोसेफ शुरशेव्स्की यांनी केले आणि पुढे माणसातही ती दिसून आली. जठरात रेंगाळणाऱ्या औषधरूपांचा सारा इतिहास म्हणजे या झाडलोटीतून निसटण्याचा प्रयत्न आहे, आणि आजही त्यावरचा सर्वात खात्रीचा उपाय पोटभर जेवण हाच आहे.

बाईंच्या रात्रीचा हिशेब आता मांडता येतो. दुपारी एकचे भाकरी, भाजी, आमटी आणि भाताचे जेवण रात्री साडेदहापर्यंत जठरातून केव्हाच गेलेले असणार. राहिले नऊ वाजताचे दूध. म्हशीच्या एका कपभर दुधात ढोबळमानाने दीडशे किलोकॅलरी असतात आणि द्रवरूप अन्न जठरातून मिनिटाला साधारण दोन ते तीन किलोकॅलरी या वेगाने खाली उतरते, म्हणजे तासाभरात, फार तर सव्वा तासात, दुधाचा मुक्काम संपतो. साडेदहाला गोळी पोटात पोचली तेव्हा पोट रिकामे होते आणि झाडलोटीची लाट कधीही येऊ शकत होती. गोळी पूर्ण फुगायलाच काही तास लागतात, त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपास ती अर्धवट फुगलेल्या अवस्थेत पायलोरसमधून बाहेर पडली असावी असे धरणे वाजवी आहे. त्यापुढच्या प्रवासाबद्दल १९८६ मध्ये डेव्हिस, हार्डी आणि फारा यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या औषधरूपांचा माग काढून जे दाखवले ते इथे फार महत्त्वाचे आहे. लहान आतड्यातून जायला गोळीला साधारण तीन ते चार तास लागतात, आणि जेवण झालेले असो वा नसो, गोळी मोठी असो वा छोटी, या वेळेत फारसा फरक पडत नाही. म्हणजे वेळ वाढवायला वाव आहे तो फक्त जठरात. बाईंची गोळी पहाटे चारच्या सुमारास मोठ्या आतड्यात पोचत होती, आणि आठ-दहा तास झिरपण्यासाठी बनवलेल्या त्या गोळीत तोवर बरेच औषध शिल्लक होते. तेही शोषणाची जागा मागे पडल्यावर.

अन्नाचा हा परिणाम किती मोठा आहे, हे मेटफॉर्मिनच्याच अधिकृत माहितीपत्रकांतून दिसते. साधी गोळी जेवणाबरोबर घेतली तर रक्तात पोचणारे एकूण औषध सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेल्या फुगणाऱ्या एक्सआर (एक्सटेंडेड रिलीज, म्हणजे औषध सावकाश सोडणाऱ्या) गोळीचे मात्र जेवणामुळे सुमारे ५० टक्के जास्त शोषण होते, आणि २००५ साली मान्यता मिळालेल्या, खास जठरात राहण्यासाठी बनवलेल्या दुसऱ्या गोळीत उपाशीपोटाच्या तुलनेत कमी चरबीच्या जेवणाने सुमारे ३८ टक्के आणि जास्त चरबीच्या जेवणाने सुमारे ७३ टक्के वाढ होते. औषध तेच, जेवण तेच, पण गोळीची घडण बदलली की परिणामाची दिशाच उलटते. साध्या गोळीच्या अनुभवावरून ‘मेटफॉर्मिन काय, केव्हाही घेतली तरी चालते’ असे सांगणारे लोक मला दुकानातही भेटतात आणि वर्गातही, आणि प्रत्येक वेळी मी हे आकडे त्यांच्यासमोर ठेवते.

इथवर आल्यावर प्रकरण सुटले असे मला वाटले होते. पण बाईंनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्या संकोचल्या होत्या. श्रावणात एकदा त्यांना शौचात गोळी दिसली होती, मऊ आणि पांढरट, पण ओळखू येईल अशी. “गोळी जशीच्या तशी पडतीया बघा,” असे त्यांनी शेजारणीला सांगितले, आणि तिच्या सल्ल्यावरून त्या रोज गोळी अडकित्त्याने दोन तुकडे करून घेऊ लागल्या, म्हणजे ती विरघळेल. या एका वाक्यात किती गैरसमज गोठलेले आहेत ते पाहण्यासारखे आहे. फुगणाऱ्या गोळीतून औषध निघून गेल्यावर पॉलिमरचा मऊ सांगाडा तसाच बाहेर पडणे अपेक्षितच असते. ते बिघाडाचे लक्षण नव्हे, आणि माहितीपत्रकांत तसे स्पष्ट लिहिलेले असते. आमच्यापैकी कोणीही हे त्यांना दोन वर्षांत सांगितले नव्हते. गोळी कापल्याने मात्र खरा बिघाड झाला. तुकडे लहान झाल्याने ते जठरात थांबण्याची शक्यता आणखी घटली, कापलेला पृष्ठभाग उघडा पडल्याने औषध लवकर सुटू लागले, आणि भाद्रपदात त्यांना पहाटेचे जुलाब सुरू झाले. साध्या गोळीने दोन वर्षांपूर्वी जो त्रास झाला होता तोच त्रास परत आला, कारण अडकित्त्याने त्यांनी नकळत महागड्या गोळीची पुन्हा जवळजवळ साधी गोळी केली होती.

एका वेळच्या जेवणाने त्यांना जळजळही होऊ लागली होती, आणि त्यासाठी नात्यातल्या कोणीतरी दिलेली पँटोप्राझोल व डोम्पेरिडोनची एकत्र कॅप्सूल त्या महिनाभर संध्याकाळी घेत होत्या. डोम्पेरिडोन जठर लवकर रिकामे करते. ज्या गोळीला जठरात थांबायचे आहे तिच्या वाटेत हे औषध म्हणजे उघडा दरवाजा आहे. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलत होत्या, आणि त्यांतली एकही डॉक्टरांना माहीत नव्हती.

हा उलगडा पटण्याजोगा असला तरी तोच एकमेव आहे असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटले, म्हणून इतर शक्यता मी एकेक करून तपासल्या. नवरात्रात साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि राजगिऱ्याचे लाडू यांनी साखर चढते हे खरे आहे, पण घट नुकतेच बसले होते आणि एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तीन दिवसांची नव्हे. चातुर्मासातले इतर उपवास त्या दुपारच्या एकाच वेळी सोडत असत आणि वजन घटलेले होते. गोळीची बॅच तीच होती जी इतर अनेक रुग्णांना गेली होती आणि त्यांपैकी कोणाची तक्रार नव्हती. मधुमेह स्वतःच पुढे सरकला असेल, ही शक्यता मात्र मला नाकारता आली नाही, आणि डॉक्टरांनी तिचाच विचार करून दुसरे औषध वाढवले होते. त्यांच्या जागी असते आणि जेवणाची वेळ मला ठाऊक नसती, तर मीही कदाचित तेच केले असते.

पण त्या चिठ्ठीतच खरा धोका होता. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग समोर अन्न असो वा नसो. रात्री नऊच्या दुधानंतर थेट दुसऱ्या दिवशी दुपारी एकलाच जेवणाऱ्या बाईला ते रात्री दिले, तर सोळा तासांच्या उपाशी काळात साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. पहाटे उठून अनवाणी अंबाबाईच्या दर्शनाला जाण्याचा त्यांचा नवरात्रातला क्रम होता. त्या रांगेत त्या कोसळल्या असत्या तर लोकांनी उपवासाला दोष दिला असता, आणि गोळीच्या वेळेकडे कोणाचेही लक्ष गेले नसते. भावाने चिठ्ठीतले ते औषध तेव्हा दिले नाही आणि मी दुकानातूनच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, “त्या रात्री जेवतच नाहीत, हे मला का सांगितले नाही?” याचे उत्तर बाईंकडे होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तर नेम सोडायला सांगतील ही भीती होती.

नेम सोडायला सांगण्याचे काहीच कारण नव्हते. गोळीला हवे असलेले जेवण दिवसातून एकदा होत होतेच, फक्त गोळी त्याच्यापाशी न्यायची होती. डॉक्टरांच्या संमतीने असे ठरले की त्या रात्रीची गोळी घ्यायची नाही आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारचे पूर्ण जेवण उरकताच एक अखंड गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. अडकित्ता सुपारीसाठीच ठेवायचा. डोम्पेरिडोनची कॅप्सूल बंद करून जळजळीसाठी काय घ्यायचे ते डॉक्टर स्वतः पाहतील. ग्लिमेपिराइड चार आठवडे थांबवायचे, आणि तोवर घरच्या ग्लुकोमीटरवर रोज सकाळी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहायची, आणि ती ठरावीक पातळीबाहेर गेली तर वाट न पाहता दवाखान्यात यायचे.

या बोलण्यात भावाने एक सुचवणी केली, जी फार्मसीच्या बऱ्याच जणांच्या मनात येते. फुगणाऱ्या गोळीऐवजी तरंगणारी दिली तर ती उपाशीपोटीही राहील, असे त्याला वाटले. तरंगणाऱ्या औषधरूपांचा इतिहास जुना आहे. रोश कंपनीने पार्किन्सनच्या आजारावरच्या लेव्होडोपा आणि बेन्सेराझाइडची तरंगणारी कॅप्सूल बाजारात आणली होती, आणि आपल्याकडे रॅनबॅक्सीने सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची दिवसातून एकदा घ्यायची गोळी आतल्या आत वायू तयार होऊन हलकी होईल अशी बनवली होती. जठरातल्या द्रवाची घनता पाण्याहून किंचितच जास्त असते, म्हणून त्याहून हलकी झालेली गोळी वर राहते आणि खाली असलेल्या पायलोरसपासून दूर राहते. पण तरंगायला आधी द्रव हवा. रिकाम्या जठरात जेमतेम काही चमचे द्रव असतो आणि त्यात झाडलोटीची लाट आली की तरंगणारी गोळीही वाहून जाते. शिवाय सोडा बायकार्बोनेटवर अवलंबून असलेल्या गोळीला वायू करायला आम्ल लागते, आणि पँटोप्राझोल नेमके तेच कमी करते.

तरंगण्याच्या बाबतीत शरीराची स्थितीही महत्त्वाची असते, आणि इथे आपल्या घरातली एक सवय आडवी येते. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडे पडण्याची, म्हणजे वामकुक्षीची, बाईंना वर्षानुवर्षांची सवय आहे. डाव्या कुशीवर झोपले की जठराचा मोठा फुगवटा खाली जातो आणि पायलोरस वरच्या बाजूला येतो. अल्जिनेट या जेल होणाऱ्या पदार्थाच्या तरंगणाऱ्या थरावर १९८४ मध्ये झालेल्या निरीक्षणांत दिसले की डाव्या कुशीवर असलेल्यांमध्ये तो थर अन्नाच्याही आधी पायलोरसपाशी पोचून लवकर बाहेर पडला, आणि उजव्या कुशीवर असलेल्यांमध्ये तो मागे राहिला. म्हणजे दुपारी तरंगणारी गोळी आणि वामकुक्षी यांचे जमले नसते. फुगणाऱ्या गोळीचा भरवसा घनतेवर नसून आकारावर आणि भरलेल्या पोटावर असल्यामुळे मी बाईंना वामकुक्षी सोडायला सांगितले नाही. विद्यार्थ्यांना मात्र मी आता हे उदाहरण आवर्जून देते, कारण बीकरमध्ये आठ तास तरंगलेली गोळी माणसाच्या कुशीत काय करेल हे बीकर सांगू शकत नाही.

पहिल्या आठवड्यातच पहाटेचे जुलाब थांबले. सकाळची उपाशीपोटीची साखर, जी आधी १६० ते १७५ च्या दरम्यान असे, ती तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस १२५ ते १४० च्या दरम्यान आली. जेवणानंतरची साखर इतकी सरळ उतरली नाही, आणि दिवाळीच्या चार दिवसांत तर ती वर गेली, ज्याचे कारण वहीतच बाईंनी स्वतःच्या अक्षरात ‘करंजी २, शंकरपाळी’ असे प्रामाणिकपणे लिहिले होते. चार आठवड्यांनी डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची चिठ्ठी रद्द केली. कार्तिकी एकादशीनंतर नेम सुटला तेव्हा गोळी पुन्हा रात्रीच्या जेवणामागे गेली, आणि माघात केलेल्या तपासणीत एचबीए१सी ७.२ टक्के आले.

हे सारे एका रुग्णाचे निरीक्षण आहे आणि त्याच्या मर्यादा मोठ्या आहेत. रक्तातली मेटफॉर्मिनची पातळी आम्ही मोजली नाही. तीन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या, त्यामुळे वेळेचा वाटा किती, अडकित्त्याचा किती आणि डोम्पेरिडोनचा किती हे वेगळे काढता येत नाही. रोज साखर मोजायला लागल्याने माणूस खाण्यातही सावध होतो, तोही परिणाम यात मिसळलेला असणार. याहून गंभीर आक्षेप मेटफॉर्मिनच्या कार्यपद्धतीचा आहे. हे औषध यकृतावर काम करते तसेच काही प्रमाणात आतड्यातही करते असे अलीकडचे पुरावे सांगतात, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुद्दाम खालच्या आतड्यात सोडलेल्या आणि रक्तात कमी पोचणाऱ्या मेटफॉर्मिननेही साखर कमी केल्याचे दिसले होते. तेव्हा शोषण घटले म्हणजे त्याच प्रमाणात परिणाम घटला असे सरळ त्रैराशिक इथे मांडता येत नाही. तरीही जुलाब थांबणे, सकाळची साखर उतरणे आणि नवे औषध न वाढवताच आधीच्या पातळीला परत येणे, या तिन्हींचा एकत्र विचार करता गोळी जेवणापाशी नेणे हा बदल निर्णायक होता असे माझे मत आहे.

या प्रकरणानंतर मी दुकानातली इतर पाकिटे पाहिली. पट्टीवर एसआर, एक्सआर, ईआर, ओडी अशी अक्षरे असतात, पण त्यावरून गोळी फुगणारी आहे, तरंगणारी आहे की नुसती सावकाश पाझरणारी आहे हे ग्राहकालाच काय, विक्रेत्यालाही कळत नाही. माहितीपत्रक उघडून वाचावे लागते. कोल्हापुरात श्रावण सोमवार करणारे आहेत, धारणे-पारणे करणाऱ्या वृद्धा आहेत, नवरात्र उठता-बसता करणारी माणसे आहेत, रमजानचे रोजे पाळणारी कुटुंबे आहेत आणि पहाटे चहावर बाहेर पडून दुपारी तीनला जेवणारे गुऱ्हाळावरचे कामगारही आहेत. यांच्यापैकी प्रत्येकासाठी ‘रात्री १’ या दोन शब्दांचा अर्थ वेगळा होतो. रोजा पाळणाऱ्यांच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलून अशी गोळी इफ्तारनंतरच्या मुख्य जेवणामागे ठेवणे सोयीचे पडते, कारण जठराला तेव्हाच काही तासांचे काम मिळते. आता आमच्या दुकानात अशा गोळ्यांच्या पाकिटावर वेळेऐवजी ‘पोटभर जेवणानंतर लगेच, अखंड’ असे लिहितात, आणि देताना भाऊ विचारतो, तुमचे मोठे जेवण कोणत्या वेळी असते. या प्रश्नाला फार तर अर्धे मिनिट लागते.

यंदा आषाढी एकादशीच्या आठवडाभर आधी बाई दुकानात आल्या. नेम याही वर्षी होता. त्यांनी पिशवीतून पाकीट काढून काउंटरवर ठेवले आणि भावाला म्हणाल्या, “डॉक्टरांना विचारून आले आहे. यावर आता दुपार लिही.” त्याने लिहून दिले, आणि त्यांनी ते चष्मा लावून एकदा मोठ्याने वाचून पाहिले.